तळ्याच्या गाळात बसलेली

रुद्राणी,

परवा तुझ्या हंगरग्याला जाऊन आले. तळं पार आटलंय. काठापासून थोडं आत, गाळ उपसून उभी कड झाली होती ना, तिथं आता सिमेंटचा ओटा आहे. ओट्यावर पत्रे, पत्र्यावर झेंडा. तळं भरतं त्या वर्षी पाण्यावर नुसता झेंडा दिसतो म्हणे. ओट्यापाशी विभूतीच्या वड्या विकत बसलेल्या माणसानं मला सगळी कथा ऐकवली. सातशे वर्षांपूर्वी एक मोठे स्वामी इथं आसन घालून बसले, बसल्या जागी लिंगैक्य झाले, म्हणजे देह ठेवला, मग वर तळं भरलं. मोठ्या दुष्काळात पाणी हटलं तेव्हा त्यांनी दर्शन दिलं. मी विचारलं, स्वामींचं नाव काय?

"नाव कुनाला म्हाईत आसंल, आजी? लई जुनं हाय."

मला हसू आलं. त्याला राग आला. "हसायचं काम न्हाई. जागृत हाय ते."

नाव मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. तुला हे सगळं ठाऊकच आहे, पण वाचणारे दुसरे आहेत, त्यांना पहिल्यापासून सांगावं लागेल. तेव्हा मध्येच "अक्का, हे कशाला सांगून राहिलात" असं करू नकोस.

तुझे वडील शरणप्पा. हंगरग्यात त्यांचं किराणा दुकान, उदगीरच्या मोंढ्यातून माल आणायचे, गळ्यात लिंग, कपाळाला तीन बोटं विभूती, बोलणं मोजकं. तू त्यांची थोरली. पंधराव्या वर्षी दुकानाच्या चौकटीला तुझं डोकं लागायला लागलं. उंचीही आणि रुंदीही. हात असे की तुरीचं पोतं बापाच्या आधी तू उचलायचीस. भालकीकडच्या घरात तुला दिली आणि वर्षाच्या आत परत आणून सोडली. मारझोड नाही, भांडण नाही. माप चुकलेला जोडा दुकानदाराला परत करावा तसं. सासू म्हणाली, पोरगी चांगली आहे, पण आमच्या घराला बसत नाही. शरणप्पांनी तुला दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांच्या आड डाळ निवडायला बसवलं. गिऱ्हाइकांना तू दिसू नयेस म्हणून की गिऱ्हाइकं तुला दिसू नयेत म्हणून, ते मला कधी उलगडलं नाही. मी तुला विचारलं तर म्हणालीस, "तिथं जागा जास्त व्हती."

एक गोष्ट मात्र तू आपणहून सांगितलीस. दुकानात प्लास्टिकच्या चौकटीचे तळहाताएवढे आरसे विकायला असायचे. त्यात एका वेळी एक डोळा मावायचा, नाहीतर अर्धी हनुवटी. घरात दुसरा आरसा नव्हता. लग्नात, माघारी आल्यावर, कधीच तू स्वतःला सबंध पाहिलं नव्हतंस. लोकांच्या तोंडून जेवढं ऐकलं तेवढंच. आणि लोक काय म्हणायचे ते सांगायला नको.

मग बहात्तर साल आलं. तळ्यात दुष्काळी काम निघालं, गाळ काढून बांधावर टाकायचा. दुकानात विकायला काही उरलं नव्हतं, तेव्हा शरणप्पांची लेकसुद्धा पाटी घेऊन कामाला गेली. तळ्याच्या तळाशी पाण्याचं शेवटचं डबकं होतं, त्याच्या कडेला तू पाटीसकट घसरलीस आणि उताणी पडलीस. दोघी-तिघींनी ओढून उठवलं. धोंडाबाई म्हणून एक होती तुझ्यासोबत, ती ओरडली, "आगं माय, म्हशीनं लोळन घेतली जनू!" सगळं काम थांबून हसलं. तू पाठीवरचा चिखल पुसायचं सोडून मागं वळून, गाळात उठलेल्या आपल्या जागेकडे बघत राहिलीस.

पुढे कितीतरी वर्षांनी मला सांगितलंस ते तुझ्याच शब्दांत लिहिते. "अक्का, मला वाटलं व्हतं मी लई वंगाळ असंन. पर बरी व्हते की. खांदे सरळ, कंबर सरळ, पाय लांब. कुनीतरी सावकाश बसून काडल्यावानी."

त्या वर्षानंतर पाऊस बरा झाला. तळं भरलं, आणि तुझ्या मनातलं तुझ्या मनातच राहिलं. भरल्या तळ्यात गाळ कुठून सापडणार? तू पुन्हा पोत्यांच्या आड.

आता माझं थोडक्यात. मी कंधारची. नांदेडला कॉलेज केलं, पंचायत समितीत मुख्यसेविका झाले. उस्मानाबादमधून लातूर वेगळा जिल्हा काढला तेव्हा बदल्यांचा धुरळा उडाला, त्यात मी उदगीरला येऊन पडले. पाट्या नव्या रंगवलेल्या, खुर्च्या आलेल्या नाहीत, जुन्या फायली गोणपाटाच्या पोत्यांतून आलेल्या. आम्ही त्या पोत्यांवरच बसायचो. जिल्हा जरा स्थिरावतोय तोवर पुन्हा कोरडी वर्षं लागली. टँकर, छावण्या, बालवाड्यांची पाहणी. त्यातच एका सकाळी आमची जीप हंगरग्याच्या बांधावरून चालली होती. व्यंकटी ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"म्याडम, बाई मरून पडलीय."

खाली काळ्या गाळात एक बाई उताणी, हात पसरलेले, भोवती पांढऱ्या राखेची रेघ. मी चपला हातात घेऊन धावले. जवळ गेले तर बाई नाहीच. बाईची जागा होती. टाचांचे दोन खोल खळगे, पोटऱ्या, मांड्या, पाठीचा उतार, अंबाड्याचा गोल. बोटं न् बोटं उठलेली. इतकी मोठी आणि इतकी नीट की मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

बाभळीच्या खुंटाआडून कोणीतरी हसलं.

"कोण गं तू?"

"मी?" तू गाळाकडे बोट केलंस. "ती."

"म्हणजे?"

"म्हंजे तुम्ही आत्ता जिला रडायला निघाला व्हता, ती. जित्ती हाय."

बांधावरून व्यंकटी ओरडला, "म्याडम, पोलिसात कळवू का?"

"कळीव की रं," तू त्याच्याहून मोठ्यानं ओरडलीस, "म्हनावं माती सापडली!"

मला तुझा मेलीचा राग आला होता आणि तिथून पायही निघत नव्हता. मी विचारलं, हे देवाचं वगैरे आहे का काही? नवस? पावसासाठी?

"छे. देवाचं कशाला? माझं हाय."

मग तू मला तळं दाखवलंस. पाणी जसजसं मागं हटलं तसतशी तू त्याच्यामागे गेली होतीस, आणि जिथं जिथं थांबलीस तिथं तिथं निजली होतीस. बांधाजवळच्या रुद्राणी वाळून भेगाळलेल्या, करड्या. खालच्या काळ्या, ओलसर. त्या डबक्याच्या काठाची तर अजून चमकत होती. वरून खाली बघत गेलं की एकच बाई म्हातारपणाकडून तरुणपणाकडे पाण्याला चाललीय असं वाटायचं. वरच्यांच्या अंगावर भेगांचं जाळं पडलं होतं, एकीच्या टाचेत साठलेलं थोडंसं पाणी चिमण्या पीत होत्या. तुला भेगा आवडायच्या. म्हणालीस, मी नुसतं अंग टाकते, बाकीचं ऊन करतं.

काम करायची रीतही दाखवलीस. आधी टाचेनं दाबून बघायचं, गाळ पोळीच्या कणकेसारखा पाहिजे. पातळ असला तर अंग बुडतं, घट्ट असला तर उठत नाही. मग कंबर टेकायची, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. श्वास धरायचा नाही, सोडायचाही नाही, आपला चालू द्यायचा. निजणं सोपं, उठणं अवघड. उठताना हात टेकला की सगळं बिघडलं. त्यासाठी तू बाभळीच्या खुंटाला एक लांब जुना नाडा, मोटेचा दोर, बांधला होतास, तो धरून ताठच्या ताठ वर यायचीस. मागाहून घरच्या उलथन्यानं कड साफ करायची आणि चुलीतली राख भोवती टाकायची, गुराख्यांना लांबून दिसावं म्हणून.

मी म्हणाले, फोटो काढून घेऊ. जिल्ह्याला दाखवू.

"नको अक्का. पानी आलं की जाऊ द्या. ठिवलं की लोकं त्याचं काईबाई करतेत."

गावाला तुझा हा उद्योग माहीत होता. शरणप्पांची वेडी लोळते तळ्यात, एवढंच ते म्हणायचे. कोणी बघायला यायचं नाही. मी त्या बाजूला कामाला आले की बांधावर जीप थांबवायची. व्यंकटी बिडी ओढत बसायचा आणि आपण दोघी खाली. तू बोलायचीस फार, कारण आठवडाभर दुसऱ्या कोणाशी बोललेली नसायचीस. एकदा म्हणालीस, "तुम्ही सोडून मला नावानं हाक मारनारं आता अप्पाच ऱ्हायलेत." मी घड्याळ बघत होते. तरी थांबले.

त्या उन्हाळ्यात अप्पाही गेले.

हे वाचणाऱ्यांतल्या काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. तुमच्या लिंगायतांत माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतात ते बसवून. आसन घातलेला, पाठीमागं मातीची भिंत, अंगाला विभूती, बेलाची पानं. दुष्काळानं जमीन दगड झालेली. शरणप्पांचा खड्डा खणताना पहारी वाकल्या. तुझा भाऊ रेवणप्पा घामानं निथळत होता. घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, पार्वतम्मानं, तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सासऱ्याला एवढं लागलं. हिच्यावेळी तर खड्डा खनायला रोजगार हमीचं काम काडावं लागंल."

बायका सुतकातही हसल्या. मला सांगताना तूही हसलीस. पण रात्रभर तुझ्या डोक्यात तेच फिरत राहिलं असणार, कारण सकाळी तू तळ्यावर गेलीस ती निजायला नाही. शेतकऱ्यांनी बैलगाड्या भरभरून गाळ नेला होता, त्यानं तळ्यात एक उभी कड तयार झाली होती, खाली ओल झिरपत होती. तू त्या कडेला पाठ लावलीस, आसन घातलंस आणि बसलीस. आपल्याला जागा केवढी लागेल ते बघायला. बस, एवढंच होतं. मांड्यांचा खळगा खाली, पाठीचा आणि डोक्याचा मागच्या कडेत, देवळीसारखा. तुला तो आवडलाही नव्हता फारसा. राख टाकायची राहिली. ऊन चढलं, तू घरी गेलीस.

पुढे अप्पांचे दिवस. तुला घराबाहेर पडता आलं नाही. तोवर गाळाच्या गाड्या बघायला बसलिंगप्पा तळ्यात उतरले. गावातलं मोठं माणूस, आडत दुकान, मठाला देणगी देणारे. त्यांना कडेत ते आसन दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसलं असतं तर म्हैस बसून गेली म्हणून पुढं गेला असता. पण बसलिंगप्पा लिंगायत. पाठीमागं भिंत, पुढं आसन, माणूस नाही, माणसाची जागा आहे. त्यांच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. त्यांनी जोडे काढले आणि लोटांगण घातलं. दुपारपर्यंत गाव लोटलं. संध्याकाळी बेल, नारळ, कापूर. दुसऱ्या दिवशी देगलूरकडून जीप भरून माणसं आली.

आणि बाकीच्या रुद्राणी? दर्शनाला येणाऱ्यांना वाट करायला म्हणून त्या फावड्यानं सारख्या केल्या. पवित्र जागेजवळ असलं नको. निजलेल्या तुझ्या, बसलेलं आसन स्वामींचं. इतकं सरळ.

तू एसटीनं उदगीरला आलीस, आमच्या ऑफिसात. फायलींच्या पोत्यावर बसलीस. पोतं कुरकुरलं, शिपाई हसला, मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

"अक्का, माझं बूड पुजून राहिलेत."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तू हसली नाहीस. तेव्हा मी थांबले.

"रोज शेनानं सारवतेत. वरून इबूत. दोरी लावलीय, जवळ जाऊ देत न्हाईत. म्या गेले तर पार्वतम्मा म्हनती, लांबून पाया पड. म्या माझ्याच पाया पडू?"

"पडू दे की त्यांना. तुझं काय जातं?"

"सोमवारी गुत्तेदार येनार हाय. सिमेट वतनार त्यात. वरून फरशी." पदराचं टोक तू बोटाला गुंडाळत होतीस. "माझं हाय ते, अक्का. पान्यात जायाचं हाय. माझ्या समद्या गेल्या, ते एकच ऱ्हायलंय, अन् ते असं अडकून ऱ्हानार? दुसऱ्याचं नाव लावून?"

"मग सांग तसं गावाला. मी येते बरोबर."

"ऐकतेल?"

"न ऐकायला काय झालं? खोटं थोडंच आहे."

रविवारी आपण गेलो. दोरीच्या आत बसलिंगप्पा, मठाची दोन माणसं, बाहेर गाव. तू पुढं झालीस. उभी राहिलीस की सगळ्यांच्या डोक्यावरून दिसायचीस, म्हणून तुला ओरडावं लागलं नाही.

"हे सामीचं न्हाई. म्या बसले व्हते इथं. अप्पाला बसवलं त्याच्या दुसऱ्या दिशी."

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून एक पोरगं फिदीफिदी हसलं आणि हसू पसरत गेलं. बसलिंगप्पा हसले नाहीत. ते सभ्य माणूस. "बाई," ते म्हणाले, "तुझा बाप आत्ताच गेला. दुःखानं मन ठिकान्यावर ऱ्हात न्हाई. घरी जाय, दोन घास खाय."

"बसून दाखवते."

गलका झाला. कोणी म्हणालं हाकला, कोणी म्हणालं विटाळ, मठातला एक म्हणाला आपल्यात विटाळ कसला मानता. शेवटी पंचफुलाबाई नावाची म्हातारी काठी आपटत पुढं आली. "बसू द्या की हो! तिचं आसंल तर मावंल, नसंल तर दिसंल. सामी काय घाबरतेत व्हय बाईमानसाला?"

बसलिंगप्पांनी दोरी वर केली.

तू वाकून आत गेलीस. साडी सावरलीस, वळलीस, कडेकडे पाठ केलीस आणि हळूहळू, अगदी तुझ्या रीतीनं, आधी कंबर टेकवायला गेलीस. आणि अडकलीस. तुला ते आसन लहान होत होतं. मांड्या कडांवर टेकल्या, खाली जाईनात. पाठ मागच्या खळग्यात शिरेना. तू जरा सरकून बघितलंस. नाही. काळी माती उन्हानं आकसली होती, आणि तिच्यावर रोजच्या सारवणाचे, राखेचे थर चढले होते. भक्तीनं ते आत आत आलं होतं. ते आता एखाद्या बेताच्या अंगाच्या माणसाचं झालं होतं. गावाच्या डोळ्यांपुढच्या स्वामीचं.

पार्वतम्मा म्हणाली, "बगा! सामीपरीस मोठी हाय आमची ननंद." मग काय हसणं थांबतंय.

मी ओरडले, "काळी माती वाळली की आकसते, हे तुम्हा शेतकऱ्यांना मी सांगायचं का? सारवलंय किती ते बघा, खरडून काढा ते थर!"

बसलिंगप्पांनी माझ्याकडे हात जोडले. "म्याडम, माती आकसती. सामी आकसत न्हाईत."

मी पुष्कळ बोलले, ते कोणी ऐकलं नाही, आणि इथं लिहायची गरज नाही. तू मात्र अर्धवट टेकलेली, दोन्ही बाजूंना वळून त्या कडा बघत होतीस, जणू कोणाच्या घरात चुकून शिरलीयस. मग उठायची वेळ आली. नाडा नव्हता. मी दोरीच्या बाहेर होते, कोणी हात पुढं केला नाही. तू हात टेकलास, आत, ओल्या सारवणावर, आणि भार देऊन वर आलीस. उठताना कधी हात टेकायची नाहीस तू. पाच बोटं लख्ख उठली. सबंध आसनात तेवढंच काय ते तुझं होतं.

तू दोरीबाहेर येईतो एका बाईनं शेणाचा गोळा घेऊन ते पुसून टाकलं.

सोमवारी सिमेंट पडलं.

त्यानंतर रेवणप्पाला तू घरात नको झालीस. भाऊ वाईट नव्हता, त्याला गावात दुकान चालवायचं होतं. तुमची मावशी नागम्मा मुदखेडला रेल्वे लाइनीला लागून एका खोलीत एकटी राहायची, तिला दिसेनासं झालं होतं. तिचं करायला म्हणून तुला तिकडे पाठवलं. नांदेडला माहेरच्या कामानं गेले तेव्हा मी गाडीनं पुढं मुदखेडला उतरले. नागम्मा दारात बसून गाड्यांचे आवाज ओळखत होती. "परळीकडची," म्हणाली, "उशिरा हाय." तू खोलीत नव्हतीस.

यार्डाच्या मागं इंजिनातली कोळशाची राख टाकायचे, तिथं तू सापडलीस. राखेत एक रुद्राणी निजवली होतीस. उठलेली चांगली होती, पण कडा ढासळत होत्या. आपण बघत होतो तेवढ्यात लाइनीवरून मालगाडी गेली आणि वाऱ्यानं पाय उडाले, मग कंबर. तू पदर तोंडावर धरून ते उडणं बघत उभी होतीस. बारीक झाली होतीस, पण तुझ्या मानानं बारीक.

"राखंत उठतं, अक्का. ऱ्हात न्हाई."

"तुला राहायला कुठं हवं असतं? पाण्यात जाऊ दे म्हणायचीस."

"पानी यायला वरीस लागतं. तवर तरी ऱ्हावं की. ही तर म्या बघून व्हायच्या आत जाती."

"इथं गावात कोणी ओळखीचं झालं का?"

"कशाला?" तू म्हणालीस. मग तोंडावरचा पदर काढलास, "नागम्माला दिसत न्हाई. ती मला हात लावून बगती. चेहरा, खांदे. म्हनती, लई लांब हाय गं तू, संपत न्हाईस."

गाडीची वेळ झाली होती. तू मला फलाटापर्यंत सोडायला आलीस. लोक वळून बघत होते, तू बघत नव्हतीस. गाडी शिट्टी द्यायच्या बेतात असताना तू खिडकीशी आलीस.

"तुम्ही तिकडं जाता ना, अक्का? तळ्यातला पाटीभर गाळ आना. काठचा नको, रेताड असतो. बुडाचा, चिकट. नागम्माच्या परातीत मावंल तेवढा. अंग न्हाई तर हात तरी उठवीन."

"इथं काय माती नाही का?"

"हाय की. पर तिला मी म्हाईत न्हाई."

आणते, म्हणाले. माझ्यासारखीला हे काम म्हणजे काय? जीप होती, व्यंकटी होता, डालडाचा डबा होता. पण त्याच पावसाळ्यात तळं भरलं. पुढच्या वर्षी पुन्हा भरलं. गाळ पाण्याखाली, ओटाही पाण्याखाली. मी जायची, बांधावर उभी राहायची, झेंडा बघायची आणि परत. व्यंकटी म्हणायचा, "म्याडम, समदे पाऊस मागून राहिले अन् तुम्ही?" दुष्काळाची वाट बघणारी मुख्यसेविका जिल्ह्यात मी एकटीच असेन. तुला दोनदा कार्ड टाकलं, पाणी हटलं की आणते. शेजारच्या कोणाकडून तरी वाचून घेतलं असशील.

पाणी हटायच्या आधी तू गेलीस. ताप आला, एवढंच कळलं. रेवणप्पा पोचायला उशीर झाला, आणि मुदखेडात तुमच्या लिंगायतांची घरं थोडी. नागम्मानं मला नंतर सांगितलं. बसवायला खड्डा खोल लागतो आणि रुंदही. जमलेली माणसं मोजकी, त्यांनी जेवढा जमला तेवढा खणला, आणि तुला आडवी ठेवली. तिला त्याचं फार वाईट वाटत होतं. पुन्हा पुन्हा म्हणत होती, पोरीला बसवलं न्हाई. मी तिला समजावत बसले नाही. पण मला बरं वाटलं, रुद्राणी. बसणं तुला कधी जमलंच नाही. निजायला तू चांगली निजायचीस.

तर परवा. पेपरात वाचलं की तळी कोरडी पडली, आणि मी जाड कापडाची एक पिशवी घेऊन निघाले. नातू म्हणाला, आजी, या उन्हात कुठं? मी म्हणाले, काम आहे. ओटा बघितला, कथा ऐकली, आणि छत्री टेकत खाली उतरले, अगदी बुडापर्यंत, जिथं तुझी ती चमकणारी होती. बाभळीचा खुंट अजून आहे. त्याला नाड्याचा वळ पडलेला दिसतो, की मला तसं वाटलं.

या खेपेला तळ्यात डबकंसुद्धा राहिलेलं नाही. भेगा एवढ्या की पाय मुरगळावा. मी वाकून एका ढेकळाला हात घातला. हललं नाही. छत्रीचं टोक भेगेत घालून उचकटून बघितलं, टोक वाकलं. ओट्यावरच्या माणसाला हाक मारली, "अहो, टिकाव आहे का?"

"कशाला, आजी?"

"थोडी माती न्यायचीय."

"सामीच्या तळ्यात टिकाव चालवत न्हाईत," तो वरून म्हणाला. "विभूती न्या की. ह्याच मातीची हाय."

मी वाकल्या छत्रीनंच आणखी थोडा वेळ खणलं. मग रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बांध चढले.